धूर-निष्कासनासाठी आगीचा आकार किती धरावा, आणि कशाच्या आधारावर?

प्रश्न : वायुवीजन_आरेखक

नमस्कार. मी मुख्यतः वातानुकूलन आणि वायुवीजनाचे आरेखन करतो. धूर-नियंत्रणाचे काम स्वतंत्रपणे माझ्याकडे प्रथमच आले आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

इमारतीच्या मध्यभागी तळमजल्यापासून छतापर्यंत खुले असलेले एक मोठे दालन आहे. छत १३ मीटर उंचीवर असून दालनाभोवती दोन पातळ्यांवर सज्जे आहेत. वरच्या सज्ज्याची फरशी ८ मीटरवर येते. तेथून बाहेर पडणाऱ्या माणसांना धुरातून चालावे लागू नये, यासाठी धुराच्या थराची खालची कड १० मीटरच्या खाली येऊ द्यायची नाही, असे ठरले आहे. शोषणाची तोंडे १२ मीटरवर बसवता येतील. तळाशी स्वागतकक्ष, बसण्याची जागा आणि अधूनमधून भरणारी छोटी प्रदर्शने आहेत. सज्ज्यांखाली आणि सज्ज्यांवर, मागच्या बाजूला दुकाने आहेत.

अडचण अशी की माझ्यासमोर आगीच्या आकाराचे तीन आकडे आहेत. आमच्या कार्यालयातील जुन्या प्रकल्पांत सरसकट ५ मेगावॅट धरलेले दिसतात. पंखे पुरवणाऱ्यांच्या गणनपत्रकात २.५ मेगावॅट लिहिले आहेत. स्थापत्यविशारदांचे म्हणणे असे की सर्वत्र स्प्रिंकलर (आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी फवारणारी छतावरील तोंडे) असल्यामुळे १.५ मेगावॅटपेक्षा अधिक धरण्याचे कारण नाही. आराखडा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "हा आकडा कुठून आला?" आणि तिन्हींपैकी एकाही आकड्याविषयी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

दालनातील सर्व सामानाची यादी करून प्रत्येक चौरस मीटरमागे किती मेगाज्यूल उष्णता साठलेली आहे, हे मी काढून ठेवले आहे. त्यावरून मेगावॅट काढण्याची मान्य रीत आहे काय? आणि नसेल, तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : अग्निअभियंता

आपण काढलेली बेरीज वाया जाणार नाही, परंतु तिच्यातून मेगावॅट निघणार नाहीत. मेगाज्यूल सांगतात की एकूण किती जळू शकते. धूर-नियंत्रणाला हवा असतो तो उष्णता-उत्सर्जनाचा दर, म्हणजे एका सेकंदात किती जळते ते. एक जाड ओंडका आणि त्याच वजनाच्या ढलप्या यांच्यात साठलेली उष्णता सारखीच असते, पण ओंडका धुमसत राहतो आणि ढलप्या काही मिनिटांत भडकून संपतात. रचनेचा परिणाम किती मोठा असतो, याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे लाकडी पॅलेटची (माल रचून ठेवण्याच्या चौकटींची) चळत. सुमारे अर्धा मीटर उंचीच्या चळतीचा कमाल दर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे सुमारे १.४ मेगावॅट असतो. तीच चळत दीड मीटर उंच झाली की दर ४ मेगावॅटच्या आसपास जातो. म्हणून वस्तू कोणती, ती कशी रचली आहे, पेट कुठून घेईल आणि शेजारची वस्तू किती अंतरावर आहे, हे यादीत लिहिल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही.

५ मेगावॅटचा आकडा आपल्याला जागोजागी दिसतो, कारण तो बंदिस्त बाजारसंकुलांसाठीच्या ब्रिटिश मार्गदर्शनातून सर्वत्र पसरला. त्यात तो एकटा नव्हता. स्प्रिंकलर असलेल्या दुकानातील ३ मीटर बाय ३ मीटरची, म्हणजे १२ मीटर परिघाची आग, असे त्याचे पूर्ण वर्णन होते. पुढे परिघ गळून गेला आणि मेगावॅट तेवढे उरले. अमेरिकी परंपरेत ज्या दालनात जवळजवळ काहीच जळाऊ ठेवायचे नाही, त्यासाठी २.१ मेगावॅटचा आकडा वापरला जाई. तो दर चौरस मीटरमागे २२५ किलोवॅट आणि ९.३ चौरस मीटर क्षेत्र यांच्या गुणाकारातून आला होता. कोणीतरी तात्पुरते ठेवलेले सामान पेटले, एवढेच त्यात गृहीत होते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्या दालनाला त्यांपैकी कोणता लागू पडतो, हे आपल्या दालनात काय ठेवलेले असेल यावर ठरते. तपासणी अधिकाऱ्यांचा प्रश्न त्यामुळेच रास्त आहे: त्यांना आकड्यामागची वस्तू पाहायची आहे.

आपल्या दालनात ती वस्तू शोधणे अवघड नाही. फोमच्या गाद्यांचा तीन आसनी सोफा एकटाच कमाल २ ते ३ मेगावॅटपर्यंत जाऊ शकतो. दोन सोफे समोरासमोर, मध्ये लाकडी मेज, अशी मांडणी असेल, तर त्यांना एकच जळणसमूह मानावे लागेल. त्या मांडणीला ५ मेगावॅट हा आकडा फुगवलेला वाटत नाही. २.५ मेगावॅट धरायचे, तर एकच सोफा पेटेल आणि दुसऱ्यापर्यंत आग जाणार नाही, हे दाखवून द्यावे लागेल.

आता त्या आकड्याने पंख्यांवर काय परिणाम होतो ते पाहू. आगीच्या एकूण दरापैकी साधारण ७० टक्के उष्णता संवहनाने धुराच्या स्तंभात जाते आणि उरलेली प्रारणाने भोवती फेकली जाते. वर चढणारा स्तंभ वाटेत आजूबाजूची हवा ओढून घेतो. ही ओढलेली हवा संवहनी दराच्या घनमुळाच्या प्रमाणात, पण उंचीच्या ५/३ घाताच्या प्रमाणात वाढते. एनएफपीए ९२ या धूर-नियंत्रणाच्या अमेरिकी मानकातील सूत्राने मी आपल्या मापांवर हिशेब केला. भोवतालचे तापमान २० अंश आणि आग दालनाच्या मधोमध, जमिनीवर धरली आहे. ५ मेगावॅटला १० मीटर उंचीवर सेकंदाला सुमारे ५६ किलोग्रॅम धूर येतो. तो भोवतालापेक्षा ६२ अंशांनी गरम असतो आणि त्याचे आकारमान सेकंदाला ५७ घनमीटर होते. २.५ मेगावॅटला हेच आकारमान ४१ घनमीटर, तर १.५ मेगावॅटला ३२ घनमीटर होते. म्हणजे आग निम्मी केली, तरी निष्कासन केवळ २८ टक्क्यांनी घटते. उलट आग ५ मेगावॅटच ठेवून धुराची कड १० ऐवजी १२ मीटरवर ठेवायची म्हटले, तर निष्कासन ७१ घनमीटरवर जाते. आगीच्या आकारावर महिनाभर वाद घालणारी मंडळी स्वच्छ उंचीचा, म्हणजे धुराची कड किती उंच ठेवायची याचा, आकडा मात्र न बोलता मान्य करतात, हे मी वारंवार पाहिले आहे आणि मला ते खटकते.

मात्र आपल्या इमारतीत याहून मोठा प्रश्न दुसरीकडे आहे. आग मधोमध न लागता तळमजल्यावरच्या दुकानात लागली, तर धूर दुकानाच्या तोंडातून बाहेर येईल, पहिल्या सज्ज्याच्या पोटाखालून पसरेल आणि सज्ज्याच्या कडेवरून रुंद पडद्यासारखा वर चढेल. या पडद्याला दोन्ही बाजूंनी हवा मिळते. दुकानाचे तोंड ३ मीटर रुंद, सज्जा २ मीटर पुढे आलेला आणि त्याचे पोट ३ मीटर उंचीवर, असे धरून केवळ १ मेगावॅटच्या आगीचा हिशेब केला, तर १० मीटरवर सेकंदाला ८२ किलोग्रॅमच्या आसपास धूर पोहोचतो. आकारमानात ते सुमारे ७० घनमीटर होते. दालनाच्या मध्यभागी जळणाऱ्या ५ मेगावॅटच्या आगीपेक्षा दुकानातली १ मेगावॅटची आग आपल्या पंख्यांना भारी पडते. शिवाय हा धूर भोवतालापेक्षा जेमतेम ९ अंशांनी गरम असेल. छत काचेचे असून उन्हाने तापले असेल, तर छताखालची हवा या धुरापेक्षा गरम असू शकते. मग धूर छतापर्यंत न पोहोचता मध्येच थबकतो आणि नेमका वरच्या सज्ज्याच्या पातळीवर साचतो.

धूर थंड असण्याचा आणखी एक परिणाम शोषणाच्या तोंडांवर होतो. एका तोंडातून मर्यादेबाहेर शोषण केले, तर धुराच्या थराला भोक पडून खालची स्वच्छ हवाच वर खेचली जाते. ही मर्यादा थराच्या जाडीवर आणि धूर किती गरम आहे यावर अवलंबून असते. आपल्याकडे तोंडांच्या खाली २ मीटर जाडीचा थर राहतो. ५ मेगावॅटच्या आगीत एका तोंडातून सेकंदाला सुमारे १०.८ घनमीटर घेता येतात, म्हणून सहा तोंडे पुरतात. दुकानातील १ मेगावॅटच्या आगीत एका तोंडाला जेमतेम ४ घनमीटर सोसतात, आणि तोंडे अठरा लागतात. (ही संख्या भिंतीपासून दूर असलेल्या तोंडांसाठी आहे, भिंतीलगतच्या तोंडांची मर्यादा याहून कमी असते.)

तेव्हा माझी सूचना अशी की एका आकड्याचा शोध सोडावा आणि किमान तीन प्रसंग मांडावेत: मधोमध मोठी आग, मधोमध लहान आग आणि सज्ज्याखालून येणारा धूर. तिसरा प्रसंग पंख्यांना झेपणार नाही, असे दिसले, तर पंखे वाढवण्याआधी दुकानांचा धूर दुकानांतच शोषून घेता येईल काय, ते पाहावे. तेही शक्य नसेल, तर सज्ज्याच्या पोटाला धूर अडवणारे उभे पडदे लावून वर चढणाऱ्या धुराची रुंदी कमी करता येते. वरच्या हिशेबातली ५ मीटरची रुंदी (तोंडाचे ३ आणि सज्ज्याचे २ मीटर मिळून) ३ मीटरवर आणली, तर ८२ किलोग्रॅम ५८ वर येतात.

उत्तर : स्प्रिंकलर_आरेखन

वरील उत्तराशी मी सहमत आहे. स्प्रिंकलरच्या मुद्द्यावर थोडी भर घालतो, कारण "स्प्रिंकलर आहेत म्हणून १.५ मेगावॅट" हे विधान दुकानांसाठी सावध आणि दालनासाठी धोक्याचे आहे.

प्रचलित रीत अशी आहे की स्प्रिंकलर फुटेपर्यंत, म्हणजे त्याचा काचगोळा उष्णतेने फुटून पाणी सुटेपर्यंत, आग वाढू द्यायची आणि त्या क्षणाचा दर पुढे स्थिर धरायचा. पाणी पडल्यावर आग बहुधा उतरणीला लागते, पण झाकलेल्या जागी जळणाऱ्या सामानावर पाणी पोहोचत नाही, म्हणून उतरणीचे श्रेय घेतले जात नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो स्प्रिंकलर कधी फुटेल एवढाच. ते ठरते स्प्रिंकलरच्या आगीवरील उंचीवर, आगीपासूनच्या आडव्या अंतरावर, त्याच्या फुटण्याच्या तापमानावर आणि त्याचा काचगोळा किती चपळाईने तापतो यावर. ही चपळाई प्रतिसाद-कालांकाने मोजतात. जलद प्रतिसादाच्या स्प्रिंकलरचा हा अंक ५० किंवा त्याहून कमी असतो, नेहमीच्या स्प्रिंकलरचा ८० किंवा त्याहून अधिक.

दुकानासाठी मी असा हिशेब केला: जळणाच्या पृष्ठभागावर ३ मीटर उंचीला छत, सर्वांत जवळचा स्प्रिंकलर २.१ मीटर दूर, फुटण्याचे तापमान ६८ अंश आणि आगीची वाढ द्रुत. अंक ५० असेल, तर स्प्रिंकलर सुमारे ११५ सेकंदांनी फुटतो आणि तेव्हा आग ६०० किलोवॅटच्या आसपास असते. अंक १५० असेल, तर १६० सेकंद लागतात आणि आग १,२०० किलोवॅटवर पोहोचलेली असते. स्प्रिंकलरची जात बदलली, एवढ्यानेच आगीचा आकार दुप्पट झाला. आरेखनात धरलेली जातच प्रत्यक्षात बसवली गेली पाहिजे, म्हणून ती साहित्यसूचीत ठळक लिहावी.

आता तोच स्प्रिंकलर आपल्या दालनाच्या १३ मीटर उंच छतावर नेऊ. जळणाचा पृष्ठभाग जमिनीपासून १ मीटर धरला, तर वर १२ मीटर उरतात. एवढ्या उंचीवर छताखालची हवा ६८ अंशांपर्यंत तापायलाच सुमारे २.४ मेगावॅट लागतात. काचगोळा तापण्यास लागणारा उशीर मिळवला, तर द्रुत वाढीच्या आगीत जलद प्रतिसादाचा स्प्रिंकलरही २.८ मेगावॅटच्या पुढेमागे, चार मिनिटांनी फुटेल. त्यामुळे दालनातील आगीसाठी १.५ मेगावॅट हा आकडा स्प्रिंकलरच्या नावावर खपवता येणार नाही. त्या दराला स्प्रिंकलर झोपलेलेच असतील. मी एकदा २० मीटर उंच छतासाठी असाच हिशेब मागवला होता, तेव्हा काचगोळा ६८ अंशांवर आणण्यासाठी किमान साडेआठ मेगावॅट हवेत, असे उत्तर आले. तेथे स्प्रिंकलर बसवून आगीचा आकार कमी धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक झाली असती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुकानातील स्प्रिंकलर फुटले की पाण्याच्या फवाऱ्याने धूर आणखी थंड होतो. अग्निअभियंत्यांनी काढलेला ९ अंशांचा फरक त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी असेल. दुकानांचा धूर दुकानांतच शोषावा, या त्यांच्या सूचनेला हे आणखी एक कारण आहे.

प्रतिसाद : वायुवीजन_आरेखक

आपल्या दोघांचे मनःपूर्वक आभार. दुकानाची छोटी आग दालनाच्या मोठ्या आगीपेक्षा भारी पडेल, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. काल मी सज्ज्यांची मापे पुन्हा घेतली. सज्जा २.२ मीटर पुढे आलेला आहे, म्हणजे आपला अंदाज जवळजवळ तंतोतंत आहे.

दोन शंका राहिल्या. पहिली, "द्रुत वाढ" म्हणजे नेमके काय, आणि पंखे स्थिर आगीवर काढायचे असतील, तर वाढीचा वेग कशाला हवा? दुसरी, सोफ्यांच्या दोन समूहांत किती अंतर ठेवले म्हणजे त्यांना वेगळ्या आगी मानता येईल?

उत्तर : अग्निअभियंता

वाढीसाठी बहुतेक ठिकाणी काळाच्या वर्गाच्या प्रमाणात चढणारी आग धरतात. तिचे चार ठरलेले वेग आहेत: मंद, मध्यम, द्रुत आणि अतिद्रुत. आग १,०५५ किलोवॅटला पोहोचायला त्यांना अनुक्रमे ६००, ३००, १५० आणि ७५ सेकंद लागतात. १,०५५ हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो सेकंदाला १,००० ब्रिटिश थर्मल एककांचे रूपांतर आहे. ठिणगी पडल्यापासून ज्वाळा खऱ्या अर्थाने धरेपर्यंतचा धुमसण्याचा काळ यात मोजलेला नाही. घड्याळ त्यानंतर सुरू होते.

पंख्यांची क्षमता स्थिर आगीवर काढली, तरी वाढीचा वेग दोन ठिकाणी लागतो. एक, स्प्रिंकलर कधी फुटेल हे त्याच्यावर ठरते. वरचे सगळे हिशेब द्रुत वाढीवर उभे आहेत. दुसरे, माणसांना बाहेर पडायला किती वेळ मिळतो हेही त्याच्यावर ठरते. द्रुत आग सुमारे साडेपाच मिनिटांत ५ मेगावॅटला पोहोचते, मध्यम आगीला जवळजवळ ११ मिनिटे लागतात. शोधक यंत्राला आग कळणे, पंखे पूर्ण वेगाने फिरू लागणे, सूचना ऐकून लोकांनी उठून चालू लागणे, हे सगळे त्या मिनिटांत बसले पाहिजे. फोमच्या सोफ्यांसाठी मी द्रुतपेक्षा कमी वेग धरणार नाही. प्रदर्शनात कापडी पडदे किंवा उभे फोमचे फलक येणार असतील, तर अतिद्रुतचाही हिशेब करून पाहावा.

अंतराच्या शंकेचे उत्तर प्रारणात आहे. ५ मेगावॅटच्या आगीतून सुमारे १,५०० किलोवॅट प्रारणाने बाहेर पडतात. आग एका बिंदूत आहे असे मानून ते चहूकडे सारखे पसरले, असे धरता येते. नेहमीच्या जाड सामानाला पेट घ्यायला दर चौरस मीटरमागे सुमारे २० किलोवॅट लागतात. तो प्रवाह आगीच्या मध्यापासून २.४ मीटर अंतरावर मिळतो. पातळ पडदे, कागद अशा चटकन पेटणाऱ्या वस्तूंसाठी १० किलोवॅट धरावेत. मग अंतर ३.४ ते ३.५ मीटर होते. लक्षात ठेवावे की ही अंतरे आगीच्या मध्यापासूनची आहेत, सोफ्याच्या काठापासूनची नव्हेत, आणि ज्वाळा वाऱ्याने किंवा आत येणाऱ्या हवेने कलल्या, तर ती पुरत नाहीत. मी स्वतः समूहांच्या काठाकाठांत यापेक्षा कमी अंतर मान्य करत नाही.

दुकानांबद्दल एक गोष्ट वर लिहायची राहिली. एखाद्या दुकानातून स्प्रिंकलर वगळले गेले, तर हिशेब पूर्ण बदलतो. दुकान आतून संपूर्ण पेटल्यावर आगीचा आकार सामानावर अवलंबून न राहता उघड्या तोंडातून किती हवा आत येते यावर ठरू लागतो. ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच तोंड सुमारे १८ मेगावॅट इतक्या ज्वलनाला पुरेल एवढी हवा आत घेऊ शकते. अशा आगीला दालनाच्या पंख्यांनी तोंड देणे शक्य नाही. म्हणून "सर्वत्र स्प्रिंकलर" या शब्दांतला "सर्वत्र" खरा आहे ना, हे आराखड्यावर दुकानागणिक तपासावे.

उत्तर : चाचणी_तपासनीस

मी पूर्ण झालेल्या इमारतींत धूर-नियंत्रण प्रणालींच्या चाचण्या घेतो, त्यामुळे आरेखनातले आकडे काही वर्षांनी कुठे पोहोचतात, ते मला पाहायला मिळते. या चर्चेत ते सांगणे आवश्यक वाटते.

एका इमारतीत मोकळे राहणारे दालन गृहीत धरून २ मेगावॅटच्या आसपासची आग धरली होती. आरेखन नीट केलेले होते, पंखे ठरलेली हवा खेचत होते. मी गेलो तेव्हा त्या दालनात उंच सजावटीचा मंच उभा होता: लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, मागे रचलेली खोकी. तो मंच पेटला असता, तर आग गृहीत आकाराच्या कितीतरी पट झाली असती. व्यवस्थापकांना मी विचारले, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की दालनात काय ठेवू नये, असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. चूक त्यांची नव्हती. आगीचा आकार हिशेबाच्या पानावर राहिला आणि इमारत चालवणाऱ्यांच्या हाती पडलाच नाही. त्या दिवशी मला फार अस्वस्थ वाटले, कारण त्या दालनातून रोज शेकडो माणसे ये-जा करत होती.

म्हणून आपण जो प्रसंग धराल, तो इमारतीच्या वापरपुस्तिकेत मेगावॅटमध्ये नव्हे, वस्तूंच्या भाषेत लिहावा. "एका वेळी सोफ्यांचा एकच समूह, दोन समूहांच्या काठांत किमान साडेतीन मीटर, प्रदर्शनाच्या मांडणीला छप्पर नको, फोमचे फलक नकोत" असे लिहिले, तर ते रखवालदारालाही कळते. "५ मेगावॅट" कोणालाच कळत नाही. छपराचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. प्रदर्शनाच्या मांडवाला छप्पर असले, की वरच्या स्प्रिंकलरचे पाणी जळणाऱ्या सामानापर्यंत पोहोचत नाही.

आकडे जुने होतात, हेही लक्षात असू द्यावे. बंदिस्त वाहनतळांसाठीच्या ब्रिटिश मानकात, बीएस ७३४६ च्या सातव्या भागात, स्प्रिंकलर नसतील तर ८ मेगावॅट आणि असतील तर ४ मेगावॅट अशी स्थिर आग दिली आहे. म्हणजे मोजक्या वाहनांपुरती आग. ३१ डिसेंबर २०१७ रोजी लिव्हरपूलमधील बहुमजली वाहनतळाला लागलेल्या आगीत हजारांहून अधिक वाहने जळाली. त्या वाहनतळात स्प्रिंकलर नव्हते. आग काही वाहनांपुरती थांबेल, हे गृहीतक तेथे टिकले नाही. मानकातील आकडा वापरताना, आग वाढायची कशामुळे थांबेल असे त्यात मानले आहे आणि ते कारण आपल्या इमारतीत हजर आहे काय, एवढे तरी विचारावे.

चाचणीविषयीही एक गैरसमज आढळतो. ताटांत अल्कोहोल जाळून आणि त्यात दृश्य धूर मिसळून जी उष्ण धुराची चाचणी घेतात, तिची आग इमारतीचे नुकसान होऊ नये म्हणून आरेखनातील आगीपेक्षा बरीच लहान ठेवलेली असते. शोधक, पंखे, झडपा आणि दरवाजे ठरलेल्या क्रमाने चालतात काय, धूर अपेक्षित दिशेने जातो काय, हे तिच्यातून दिसते. आरेखनातील आग या प्रणालीला झेपेल, हे तिच्यातून सिद्ध होत नाही. मात्र आपल्या बाबतीत लहान आगीचा प्रसंगच अवघड आहे. म्हणून ही चाचणी दालनाच्या मध्यावर घेऊन न थांबता, एकदा तळमजल्यावरच्या दुकानाच्या तोंडाशी, सज्ज्याखाली घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. धूर वरच्या सज्ज्याच्या पातळीवर थबकतो की नाही, ते त्याच दिवशी डोळ्यांना दिसेल. शक्य असल्यास ऊन असताना घ्यावी.

प्रतिसाद : वायुवीजन_आरेखक

मी प्रसंगांचा तक्ता करायला घेतला आहे आणि प्रत्येक ओळीत आधी जळणारी वस्तू, मग मेगावॅट लिहीत आहे. दुकानांसाठी स्वतंत्र शोषण देता येईल, असे प्राथमिक पाहणीत दिसते. तसे झाले, तर दालनाचे पंखे मध्यभागच्या ५ मेगावॅटवर ठेवावेत, असा माझा विचार आहे. यात काही सुटत आहे काय?

उत्तर : अग्निअभियंता

विचार योग्य आहे. तक्त्यात प्रत्येक प्रसंगासमोर धुराचे तापमानही लिहावे, म्हणजे पंख्यांचा तापमानवर्ग ठरवताना पुन्हा हिशेब करावा लागणार नाही. दालनाच्या पंख्यांपर्यंत ८० अंशांच्या आसपासचा धूर पोहोचेल. दुकानांतील शोषणाचे पंखे मात्र आगीच्या अगदी जवळ आहेत. तेथे धुरात मिसळलेली हवा फार थोडी असेल आणि तापमान कितीतरी अधिक, त्यामुळे दोन्हींना एकच वर्ग लावू नये.

सुटत आहे ती आत येणारी हवा. सेकंदाला ५६ किलोग्रॅम धूर बाहेर काढायचा, तर जवळजवळ तेवढीच हवा खालून आत आली पाहिजे, आणि ती धुराच्या कडेच्या बरीच खाली, दालनाच्या तळाकडून यावी. ती आगीकडे सेकंदाला सुमारे १ मीटरपेक्षा अधिक वेगाने आली, तर स्तंभ कलतो, अधिक हवा ओढतो, आणि १० मीटरवर आपण काढलेला आकडा खोटा ठरतो. त्या वेगाने ४७ घनमीटर हवा आत घ्यायला सुमारे ४७ चौरस मीटर मोकळे क्षेत्र लागते. आगीच्या सूचनेबरोबर आपोआप उघडणारे दरवाजे आणि झडपा एवढेच त्यात मोजावेत. माणसांनी उघडायचे दरवाजे मोजू नयेत. एवढे क्षेत्र तळमजल्यावर मिळते काय, हे पंख्यांची मागणी नोंदवण्यापूर्वी आराखड्यावर मोजून पाहावे, आणि न मिळाल्यास तो आकडा येथे कळवावा.